विहिरीवरचं ऑटो बटण

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चुलत भावाला तर नाहीच. नऊ वर्षांपूर्वी आमच्या विहिरीवरची मोटर जळाली ती माझ्यामुळे, आणि नाव मी दुसऱ्याचं घेतलं.

विसरलो कधीच नव्हतो. फक्त तिकडं बघत नव्हतो. बघायला लावलं हिंगोलीच्या एका डॉक्टरनं. बीपी वाढला होता, झोप उडाली होती. गोळी लिहून झाल्यावर तो म्हणाला, "आणि रोज सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसा. श्वास येतो, जातो, तेवढं बघायचं. तो आपोआप चालतो, तुम्ही चालवायचा नाही."

"याचे किती?"

"काहीच नाही."

तिथंच मला संशय आला. फुकट काही सांगणारा डॉक्टर मी पाहिला नव्हता. पुढच्या खेपेला हा शिबिर सांगणार, मग पुस्तक, मग वर्गणी. एसटीत रस्ताभर हाच हिशोब लावत आलो. अजून त्यानं यातलं काही सांगितलेलं नाही, त्यामुळे संशय वाढलाच आहे.

दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या रिकाम्या पोत्याची घडी घालून ओसरीत बसलो. डोळे मिटले आणि कोणीतरी बघतंय असं वाटलं. एक डोळा किलकिला केला. बायको झाडू घेऊन उभी.

"काहून बसले असे? पाठ धरली का?"

"डॉक्टरनं सांगितलंय."

"डोळे मिटायला डॉक्टर कशाला लागतो? जेवण झालं की रोज मिटता."

ती गेली. मी श्वास बघायला लागलो. पण तो आपोआप येतोय की मीच ओढतोय, ते कळेना. आपोआप चालणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. त्याला कारण आहे.

आमच्याकडं शेतातली लाईट कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून स्टार्टरच्या पेटीत सगळेजण ऑटो बसवून घेतात. त्याचं बटण वर ठेवलं की लाईट येताच मोटर आपली आपण चालू होते, माणसानं तिथं थांबायची गरज नाही. विहीर माझी आणि चुलत भावाची सामाईक. पाण्याशिवाय चालली तर मोटर जळते, म्हणून उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की ऑटो बंद ठेवायचा आणि जवळ उभं राहूनच मोटर चालवायची, असं आमचं ठरलेलं होतं. त्या आठवड्यात पाळी माझी होती. भुईमूग सुकत चालला होता आणि मला दुपारी एका लग्नाला जायचं होतं. बटण वर केलं आणि गेलो. पंगतीत दोनदा जिलेबी मागून घेतली, हेसुद्धा आठवतं.

परत आलो तर विहिरीत पाणी नाही, मोटर जळालेली. मी आधी बटण खाली केलं. मग भावाला बोलावलं.

"ऑटो बंद व्हता ना?" विहिरीत डोकावत त्यानं विचारलं.

"बंदच हाय. बघ की."

"मग जळाली कशी?"

आठच दिवसांपूर्वी ती मोटर जवळा बाजारच्या मिस्त्रीकडून वाइंडिंग करून, म्हणजे आतली तार नव्यानं भरून आणली होती. मिस्त्री माझ्याच वयाचा. बापाच्या मागं त्यानंच दुकान सांभाळलं होतं. त्याच्या हातची मोटर पाच वर्षं वर काढावी लागत नाही, असं लोक म्हणायचे.

मी म्हणालो, "मिस्त्रीनं तार हलकी भरली असंल."

मिस्त्रीनं आमच्या दोघांसमोर मोटर खोलली. दांडा ज्यात फिरतो त्या बुशमध्ये बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "भाऊ, ही पाण्याबिगर चालली. बुश घासून गेलेत, बघा."

"म्हणजे मी खोटं बोलून राहिलो?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग भावाकडं. "मी तसं कुठं म्हणलो?" आणि मोटर पुन्हा भरून दिली, गुमान.

भाऊ मात्र गप बसला नाही. मिस्त्रीनं तार हलकी भरली असं पारावर, बाजारात, जिथं तिथं सांगत राहिला. कोणी मला विचारलं की मी होकाराची मान हलवायचो. दोन हंगामांत आमच्या गावच्या मोटरी हिंगोलीला जायला लागल्या. मग शेजारच्या गावांच्याही.

आता डोळे मिटले की श्वास नाकापर्यंत येतो आणि तिथं मला मिस्त्रीचं ते बोट दिसतं. डॉक्टरला हे कोणी सांगितलं असेल का, असंही एकदा मनात आलं. बायकोला विचारलं, "मी झोपेत काही बोलतो का?"

"घोरता."

उत्तर मला जरा जास्तच लवकर आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात असाच बसलो होतो. आमचं घर आता शेतातच आहे. लाईट आली आणि आजूबाजूच्या मोटरी एकामागून एक घुमायला लागल्या. आमची गप्प. बायको आतून ओरडली, "सगळ्या गावाला ऑटो हाय, तुमीच काहून काढून टाकला? इतकी वर्षं इचारून राहिले, एकदा तरी सांगा!"

मी डोळे उघडले नाहीत. दहा मिनिटं संपल्याची घंटा मोबाईलवर वाजली तरी उघडले नाहीत.

बाजाराच्या दिवशी जवळ्याला गेलो. मिस्त्रीच्या दुकानात पंखे आणि मिक्सर पडलेले. शेतातली मोटर एकही नाही.

"मोटर आणली का, भाऊ?"

"न्हाई. सहज आलो."

"नऊ वर्षांत पहिल्यांदाच सहज." तो हसला नाही. चहा मागवला. हा मला चहा काहून पाजतोय, याचाही मला संशय आला. "तब्येत उतरली तुमची. काय तकलीफ?"

"बीपी. डॉक्टरनं रोज दहा मिनिटं गप बसायला सांगितलंय."

त्यानं बशीत फुंकर मारली. "ते तर तुमाला बराबर जमतं."

आणि पंख्याच्या वाइंडिंगवर तार गुंडाळायला लागला. मी चहा संपवला. तोंडाशी आलेलं वाक्य तसंच घेऊन घरी आलो.

मी अजून रोज बसतो. डॉक्टर म्हणतो बीपी उतरलाय. मला त्याच्या यंत्राचा भरवसा वाटत नाही. मिस्त्रीला सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, त्यामुळे त्याला एकट्याला गाठून सांगण्यात काही अर्थ नाही. ज्यांनी माझी मान हललेली पाहिली, त्यांनी ऐकायला पाहिजे. चुलत भावाला सोबत घेऊन बाजाराच्या दिवशी त्या दुकानात उभं राहायचं आणि चार लोकांत सांगायचं की ऑटो चालू मी ठेवला होता, मिस्त्रीची तार चांगली होती. एवढं मी त्याचं देणं लागतो, आणि अजून दिलेलं नाही.