बैलात खोट नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगितलं असतं, तर तिने आधी तिच्या भावाची, म्हणजे माझ्या मामाची बाजू घेतली असती. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही. पण आता राग आवरत नाही. आणि तो दुसऱ्या कुणावर काढावा, तर तेवढा मी स्वच्छ नाही.

मी डॉक्टर आहे. माणसांचा नाही, गुरांचाही नाही — पीएच.डी.वाला. खिलार जनावरांच्या रक्तातून पिढ्यानपिढ्या काय उतरतं, हा माझा विषय. राहायला पिंपरीत, आणि रक्ताचे नमुने गोळा करायला चाकणच्या बाजूची गावं. तिथे बैलगाडा शर्यतीतल्या गाडामालकांचे गोठे आहेत. घरातल्या माणसाला ताप आला तर गोळी, आणि शर्यतीचा बैल नुसता शिंकला तर डॉक्टर घरी, असा सगळा प्रकार. हे लोक परक्याला आपल्या बैलाला सुई टोचू देतील? मला देत, कारण मी महाळुंग्याच्या मामाचा भाचा. मामाच्या एका शब्दावर गोठे उघडायचे. हे लक्षात ठेवा — नाही, नका ठेवू. मी कारणं देतोय असं वाटेल.

मामाच्या घरात एकाच वर्षी एक बैल आला आणि एक सून आली.

बैल मामाने मुद्दाम शोधून आणलेला, न ठेचलेला — शर्यतीलाही तोच आणि गाईंना वळू म्हणूनही तोच. पूर्वी विकलेल्या घरच्याच कालवडीचा नातू. पळणारं रक्त घरात राहिलं पाहिजे, हा या लोकांचा हट्ट. सून म्हणजे कांचन वहिनी, माझ्या मामेभावाची, संतोषदादाची बायको. दादा कंपनीत शिफ्टला, त्यामुळे शेण, वैरण, धार, सगळं वहिनीच्या अंगावर. तिला ते ओझं वाटत नसे. गोठ्यात ती गाईंशी बोलायची, आणि घरात कुणाशी फारसं नाही.

मग वासरं दगावायला लागली. सगळी नाही. काही ठणठणीत, आणि काही वाकड्या पायांची, उभीच न राहणारी. गावातले लोकही आपल्या गाई याच बैलाकडे आणत, आणि त्यांची वासरं मात्र उड्या मारत. झालं, बैल निर्दोष सुटला! गाई तर जुन्याच, त्यांचं आधी कधी असं झालं नव्हतं. मग घरात नवीन काय आलं? मामी म्हणाली, हिच्या हाताला गुण नाही.

बैलाला गुलाल आणि हिला गोठा बंद. गाय विणार असली की हिला माहेरी धाडायचे. काय म्हणावं या माणसांना? संतापच येतो. पण त्यांना ठाऊक नव्हतं हो. मला ठाऊक होतं.

त्या बैलाचं आणि त्या सगळ्या गाईंचं रक्त मीच तपासलं होतं. एक दोष असतो. तो आई-बापांपैकी एकाकडूनच आला तर झाकलेला राहतो, दोघांकडून आला की वासरू जगत नाही. तो बैलात होता आणि मामाच्या गाईंतही होता, कारण रक्त एकच. गावातल्या गाईंत नव्हता. एवढं साधं. शाळेतल्या पोरालाही समजलं असतं.

वहिनीने मला एकदा ओट्यावर गाठलं. तिचं मागणं एवढंच होतं — माझ्या तपासणीत जे काही निघालं असेल, ते मी मामासमोर बोलावं. मी हो म्हणालो.

पुढच्या रविवारी बैलाने शर्यतीच्या घाटात पहिला नंबर काढला. अंगणात गाडामालक जमले होते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या गोठ्यातले नमुने मला अजून घ्यायचे होते. दादाने चाचरत वासरांचा विषय काढला. मामा माझ्याकडे वळला.

"तू शिकलायस, तूच सांग समद्यांसमोर. माझ्या बैलात काय खोट हाय का?"

वहिनी चहा घेऊन दारातच उभी होती.

"नाही मामा. बैलात खोट नाही."

एवढंच बोललो. तिने चहा वाटला. मलाही दिला, आणि मी तो प्यायलो.

प्रबंधात मात्र सगळं खरं लिहिलं! नावांऐवजी बैलाला एक नंबर दिला, गाईंना नंबर दिले, आणि छान इंग्रजीत दोष सिद्ध केला. परीक्षकांना तेच प्रकरण सगळ्यात आवडलं. मामाने चौकात माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला — एका कोपऱ्यात मी, आणि माझ्यापेक्षा मोठा बैल. तोपर्यंत दादा आणि वहिनी वेगळे निघाले होते. रोजची बोलणी ऐकून दादाच वैतागला, आणि त्याने देहूरोडला भाड्याची खोली घेतली.

आणि मग मी आणखी एक शहाणपणा केला. मन खात होतं ना! मामाला म्हटलं, या गाई आता थकल्या, सांगोल्याकडून दुसऱ्या आणा. का, ते सांगितलं नाही. मामाने ऐकलं. नव्या गाईंचं रक्त वेगळं होतं, त्यामुळे एकही वासरू गेलं नाही. मामी साऱ्या गावाला सांगत सुटली — बघा, ती गेली आन् गोठा भरला. तोवर निदान शंकेला जागा होती. ती मी बुजवली. एका भित्र्या माणसाला याहून जास्त नुकसान काय करता येईल?

मागच्या महिन्यात माझ्या मुलीचं बारसं झालं. वहिनी देहूरोडहून आली होती. नवी साडी नेसलेली, हसतमुख. बायकोने बाळ तिच्यापुढे धरलं, तशी ती एक पाऊल मागे सरली आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नगं. माझ्या हाताला गुण न्हाई. भावजींना ठाव हाय."

हे ती रागाने बोलली नाही. तिला ते आता खरंच वाटतं.

मी बाजूलाच उभा होतो. बायकोने मला हळूच विचारलं, या असं का म्हणाल्या? मी म्हणालो, गावाकडची माणसं, असतात एकेक समजुती. आणि बायकोकडून बाळ घेऊन पुढच्या बाईच्या हातात दिलं.