टेकडी थंड आहे

आमच्या अहमदपूरच्या टेकडीखाली एक मामा पंक्चर काढतात. बोलणं कमी. ट्यूब पाण्यात दाबली की बुडबुडा दिसेपर्यंत स्वतःचा श्वाससुद्धा रोखून धरतात. मी भूगोलाचा मास्तर, माहिती दिल्याशिवाय मला पंक्चरही काढून घेता येत नाही. एकदा सांगून बसलो, "मामा, ही टेकडी म्हणजे ज्वालामुखीचा लाव्हा बरं का!"

तेव्हापासून मामा रोज सकाळी दुकान उघडण्याआधी वर चढतात, काळ्या खडकावर दोन्ही तळहात टेकवतात आणि खाली येऊन पहिल्या गिऱ्हाइकाला सांगतात, "थंड हाय."

मी हसलो. "अहो, तो ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी विझलाय. भ्यायचं कारण नाही."

मामांनी ट्यूब खाली ठेवली. "सर, त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधी बी आमच्या गावात जमीन हादरायची. तवा बी आमाला असंच म्हणले, भ्यायचं कारण न्हाई. घरात मी एकलाच उरलो."

परवा मामा दवाखान्यात होते. सकाळीच मी धापा टाकत टेकडीवर गेलो, खडकावर हात ठेवला आणि त्यांना फोन लावला. "मामा, थंड आहे."

"सर, दोनी हात लावलाव का?"

फोन खाली ठेवून मी दुसराही हात टेकवला.