गणितात लाहा नसतो

शाळेत हजेरीपासून तांदळापर्यंत सगळ्याची नोंद ठेवावी लागते. किस्से तेवढे नोंद न ठेवता साठतात. आम्ही तीन-चार मास्तर मंडळी मोलगीच्या बाजारात चहाला भेटलो, की कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, ते तुमचं भाकरीचं सांगा ना." आता ते एकटं सांगितलं तर कोणाला काय कळणार? आधीचं सगळं सांगावं लागतं. आणि मला थोडक्यात सांगता येत नाही, हे माझ्या घरचेही मान्य करतात.

तर मी नंदुरबार शहरातली, मिरचीच्या ठसक्यात वाढलेली. पहिली नेमणूक मिळाली ती थेट वर सातपुड्यात, काठी गावाच्या पुढच्या एका पाड्यावर. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. एक मी, दुसरे पाटील सर. ते तापीकाठचे, घरची बागायत शेती, रागावले की अहिराणीत आणि खूश झाले तरी अहिराणीतच. पोरं घरी भिली बोलायची, मराठी फक्त आमच्यासाठी.

त्या वर्षी आमची पाचवी टांगणीला लागली होती. मार्चअखेर जादा खोली तयार असेल तर जूनपासून पाचवी आमच्याकडे, नाहीतर पोरांनी घाट उतरून आठ किलोमीटरवरच्या शाळेत जायचं. मुलगे गेले असते एक वेळ. मुलींचं काय होणार ते गावात सगळ्यांना माहीत होतं. चौथीतल्या जमनाच्या बापाने तर मला समोरच सांगितलं होतं, की पाचवी इथे झाली तर पोरगी शिकेल, नाहीतर शेळ्या आहेतच घरी. जमना माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार पोर. त्या दिवसापासून माझ्या डोक्याला भुंगा लागला.

*

पाटील सरांचं एक आधी सांगते. त्यांची स्वतःची मिरची. त्यामुळे गुणोत्तर शिकवायचं तर मिरचीवरच. चार किलो ओली मिरची वाळली की एक किलो होते, तर शंभर किलोची किती? पोरांनी पंचवीस सांगितलं, सर खूश. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या दिलवरने विचारलं, की बाकीची पंचाहत्तर किलो कुठे गेली?

सर घाईत होते. म्हणाले, "उन्हाने खाल्ली."

पुढच्या आठवड्यात माझी चाचणी. दहा मीटर कापडापैकी दोन पंचमांश वापरलं, उरलेल्याचं काय? दिलवरने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "उरलेले उन्हाने खाल्ले." टाकीतलं पाणी, बागेतली झाडं, डब्यातले लाडू, सगळं त्या पेपरात उन्हाने खाल्लं होतं. पेपर मी सरांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, पोरगं लक्ष देऊन ऐकतं हो.

*

माझी फजिती भाकरीची. अपूर्णांक शिकवायचे तर डोळ्यांनी दिसले पाहिजेत, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं. मी शाळेमागच्या खोलीत एकटी राहायचे. आईकडे भाकरी थापणं मोठ्या बहिणीचं काम, मी चपातीवाली. पण ठरवलं आणि सकाळी उठून ज्वारीची भाकरी थापली. वर्गात नेली, आता हिचे चार सारखे भाग करूया म्हणून ताटातून उचलली.

मी काहीही करायच्या आत तिचे सात तुकडे झाले. एकाचा आकार दुसऱ्याला नाही.

जमनाने बोटाने तुकडे मोजले आणि गंभीरपणे विचारलं, "मॅडम, हा कोणता अपूर्णांक?"

दारातून पाटील सर म्हणाले, "मॅडम, हाई भाकर शे का पापड?" मला हसू आलं आणि रागही आला. मी फळ्यावर गोल काढून वेळ मारून नेली. पण दुपारपर्यंत पाड्यावर बातमी पोचली होती, की मॅडमची भाकरी मोडते.

*

आमचा पोषण आहार जमनाची आई बिजलीबाई शिजवायची. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, सगळं मुठीने मोजणार. मला वाटायचं, प्रमाण असं अंदाजाने कसं चालेल? एकदा ती आजारी पडली आणि मी पदर खोचला. घरी एक वाटी तांदळाला अडीच वाट्या पाणी घालते, म्हणून पाच किलोला त्याच हिशेबाने घातलं. त्रैराशिक चोख!

खिचडी पोरांनी वाटीला तोंड लावून प्यायली.

दुसऱ्या दिवशी बिजलीबाईने पातेल्याच्या कडांना चिकटलेला लगदा पाहिला. हसली नाही, हे तिचे उपकार. मला एवढंच समजावलं, की तांदूळ वाढतो तसं पाणी वाढत नाही, भांडं मोठं झालं की पाणी कमी लागतं. मी मान हलवली. तेव्हापासून तिच्या मुठीवर मी बोलायचं सोडलं.

*

मग होळीच्या आधीचं कोंबड्यांचं गणित. एका शेतकऱ्याकडे वीस कोंबड्या, त्याने तीन चतुर्थांश विकल्या, तर किती उरल्या? मराठी शाब्दिक गणित कळायला जड म्हणून जमना ते उभी राहून भिलीत सांगायची. तिने सांगितलं आणि वर्गात अशी चर्चा सुरू झाली की विचारू नका. माझा ऊर भरून आला. म्हटलं, काय विचार करताहेत पोरं!

पाच मिनिटांनी जमनाने वर्गाच्या वतीने प्रश्न विचारला. होळी आठ दिवसांवर, घरी पाहुणे येणार, आणि हा माणूस कोंबड्या विकतोय, म्हणजे त्याच्या घरी कोणी आजारी आहे का? मी म्हटलं, कोणी आजारी नाही. मग का विकल्या? मी म्हटलं, पुस्तकात दिलेलं नाही.

पुन्हा चर्चा. शेवटी एकमताने उत्तर आलं, वीस. कसे काय वीस?

"आम्ही त्याला विकू दिल्या नाहीत," जमना म्हणाली.

मी सगळ्यांना लाल पेनने फुल्या मारल्या. तेव्हा माझं लाल पेन फार जोरात चालायचं.

*

होळी झाली. मजुरीला गुजरातेत गेलेले सगळे सणाला घरी आलेले होते. आणि आमच्या खोलीचं काम मात्र तिथल्या तिथे. लाकूड आलं होतं, बांबू आले होते, कौलांची चळत अंगणात होती. मिस्त्री तेवढा येत नव्हता. आला तो शुक्रवारी. म्हणाला, चार माणसांचं बारा दिवसांचं काम आहे. आणि खोली बघायला साहेब येणार होते सोमवारी.

तो गेल्यावर मी वर्गात येऊन बसले. काही सुचेना. शेवटी तेच फळ्यावर लिहिलं. चार माणसे एक काम बारा दिवसांत करतात, तेच काम दोन दिवसांत करायला किती माणसे लागतील? पोरांनी उत्तर काढलं, चोवीस. बरोबर होतं. पण चोवीस मजूर मी आणणार कुठून, आणि तेही उद्या सकाळी?

जमनाच्या पाटीवर लिहिलं होतं, "एक दिवस."

मी माणसं विचारली होती, तिने दिवस लिहिले होते. मी चिडलेलीच होते. मारली खडूने फुली.

ती हळूच म्हणाली, "मॅडम, लाहा बोलावला तर?"

लाहा म्हणजे तिकडची रीत. कोणाचं घर बांधायचं असो की शेत निंदायचं असो, एकाने बोलावलं की घराघरातून माणसं येतात आणि काम उरकून जातात. मजुरी कोणी घेत नाही. ज्याने बोलावलं त्याने जेवू घालायचं, बस. मला हे सगळं माहीत होतं. पण गणित ते गणित.

"गणितात लाहा नसतो," मी म्हटलं आणि फळा पुसला. खरं सांगते, फळा पुसताना मला रडू येत होतं. या पोरीची पाचवी गेली, एवढंच डोक्यात होतं.

रविवारी सकाळी कुऱ्हाडींच्या आवाजाने जाग आली. बाहेर पाटील सर ओरडत होते, "मॅडम, भायेर या. बठ्ठा गाव उना!"

खरंच सगळा गाव आला होता, अंगणात बासष्ट माणसं होती. मी मोजली. जमना आणि बिजलीबाई आदल्या दिवशी घरोघर फिरून आल्या होत्या, आणि शाळेच्या नावाने लाहा बोलावला होता. कोणी खांब पुरत होतं, कोणी बांबूचा कूड विणत होतं, बायका कुडाला शेणमाती लिंपत होत्या. मी मध्येच उभी राहून मनात गुणाकार केला. चार गुणिले बारा, अठ्ठेचाळीस. म्हणजे अठ्ठेचाळीस माणसांना एकच दिवस लागतो. फुली मी मारली होती! दिवस मावळायच्या आत शेवटचं कौल चढलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. सोमवारी साहेब आले, ओल्या भिंतीला बोट लावून बघितलं, आणि पाचवी मंजूर करून गेले. जमना त्याच खोलीत पाचवी शिकली. त्या सोमवारी रात्री कित्येक महिन्यांनी मी गाढ झोपले.

पण किस्सा तो नाही. किस्सा रविवारच्या संध्याकाळचा. काम संपलं, हातपाय धुऊन सगळी बासष्ट माणसं नव्या खोलीपुढे रांगेने बसली. आणि तेव्हा कुठे मला आठवलं. लाहा शाळेच्या नावाने. म्हणजे जेवण शाळेने घालायचं. माझ्या डब्यात पीठ होतं जेमतेम दोन भाकरींचं.

तेवढ्यात बिजलीबाई आली. तिच्या मागे टोपल्या घेऊन बायकांची ओळ. टोपल्यांत भाकरी, दोन पातेल्यांत डाळ. माझा जीव भांड्यात पडला. जमनाने पाटी माझ्या हातात दिली. माणसे ६२, एकाला अडीच भाकरी, एकूण १५५. घरे ३१, एका घराला ५.

मी दोनदा तपासलं. एक चूक नाही. लाल पेन काढलं, पाटीवर ते उमटत नव्हतं, तरी तिच्यादेखत बरोबरची खूण केली. मग लक्षात आलं, पाड्यावरची घरं तर माझी खोली धरून बत्तीस होतात. म्हटलं, जमना, माझं घर राहिलं की मोजायचं.

"राहिलं नाही, मॅडम," ती म्हणाली. "आईने सांगितलं, मॅडमचं धरू नको, भाकरी पुरल्या पाहिजेत."