दोन मीटरवरचा डफवाला

दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात आयर्लंडमधल्या कासलबारच्या सुपरमार्केटबाहेर दर गुरुवारी रांगेत एक आजोबा माझ्या पुढे असायचे. ते पबमध्ये इथला आयरिश डफ वाजवणारे. पब बंद, म्हणून ट्रॉलीच्या दांड्यावर बोटांनी वाजवत राहायचे.

एकदा मी शिंकले आणि सगळी रांग माझ्यापासून लांब सरकली. ते हसून म्हणाले, "आता तू परायाह."

वाळीत टाकलेल्यांसाठीचा हा इंग्रजी शब्द मूळचा आमच्याकडचा, हे मी ऐटीत सांगितलं. तमिळमध्ये परै म्हणजे चामड्याचं वाद्य. ते वाजवणाऱ्यांना गावाबाहेर ठेवलं, आणि इंग्रजीने त्यांच्या जातीचं नाव उचलून कुणालाही चिकटवलं.

आजोबांचा मास्क हसता हसता हनुवटीवर आला. "बरोबर आहे. डफवाला पबच्या दारात दिसला, की फिडलवाले, म्हणजे व्हायोलिनवाले, तो शेजारी बसू नये म्हणून रिकाम्या खुर्चीवर कोट ठेवतात." मग बोटं थांबवून त्यांनी विचारलं, "पण त्या लोकांना वाजवायला बोलवायचे ना? जेवायला कुठे बसवायचे?"

सांगलीला माझ्या लग्नात हलगीवाले होते. वरातीच्या प्रत्येक फोटोत ते आहेत. पंगतीच्या फोटोंत मी त्यांना मनातल्या मनात शोधत राहिले, आणि रांग पुढे निघून गेली.