पदराच्या गाठीतल्या कॅप्सूल

ऐंशीच्या आसपास मी भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. बायकांचा वॉर्ड माझ्याकडे होता आणि अँटिबायोटिक कॅप्सूलच्या कपाटाची किल्लीही. त्या कपाटावर सगळ्यांचा डोळा! कोणाला शिंक आली की दोन कॅप्सूल, कोणाच्या मेव्हण्याचा घसा धरला की दोन. ऑफिसातला बाबू तर पानठेल्यावर यावं तसा यायचा. "सिस्टर, सर्दीनं परेशान आहो, द्या ना दोन." मी डॉक्टरसाहेबांकडे बघायची. ते हसून म्हणायचे, "द्या हो, दोनानं काय होते?" आणि मी द्यायची. ते हसणं आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत अड्याळकडची एक तरुण बाई भरती झाली. पायाला विळा लागला होता, पाऊल सुजून टम्म झालं होतं. साहेबांनी दहा दिवसांच्या कॅप्सूल लिहिल्या. दिवसातून चार वेळा मी तिच्या तळहातावर कॅप्सूल ठेवायची आणि पुढच्या खाटेकडे वळायची. चौथ्या दिवशी ताप उतरला, ती उठून बसली, शेजारणीशी गप्पा मारू लागली. सातव्या दिवशी अंग पुन्हा तव्यासारखं तापलं. जखमेला वास येऊ लागला.

चादर बदलताना तिच्या पदराची गाठ हाताला लागली. सोडली, तर आत दहा-बारा कॅप्सूल, घामानं एकमेकींना चिकटलेल्या.

मी ओरडलेच. "अक्कल गहाण ठेवली का वं? मराचं आहे का तुले?" अख्खा वॉर्ड ऐकत होता.

ती रडली नाही. म्हणाली, "बाई, मले बरं वाटून राहिलं होतं. पोरगी घरी खोकलून राहिली, तिच्यासाठी ठेवल्या. तुमी त्या बाबूले दोनच देता ना? मले वाटलं, बरं वाटलं का बस."

"अडाणी लोक!" साहेब तिच्या तोंडावर म्हणाले. राग राग आला मला त्यांचा. आणि माझा तर त्याहून जास्त. अर्धा मारलेला साप सोडू नये, हे तिच्या गावातलं लेकरूही जाणतं. जंतूचंही तसंच असतं, हे आम्ही शिकलेल्यांनी तिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. वर तिच्या डोळ्यांदेखत सर्दीवर कॅप्सूल वाटत होतो.

मग कोणतंच औषध लागू पडेना. तिला नागपूरला पाठवलं. तिथे पाऊल कापावं लागलं.

महिन्या-दीड महिन्यानं ती ड्रेसिंगला आली, नवऱ्याच्या खांद्याला धरून. मी पट्टी सोडत होते, तेव्हा हळूच म्हणाली, "बाई, आता रोवणीले धानाच्या बांधीतल्या चिखलात उभी कशी राहू?" तेवढ्यात दारातून बाबूचा आवाज आला, "सिस्टर, दोन द्या ना."

मी किल्ली त्या बाईच्या मांडीवर ठेवली. "तिले मागा," मी म्हटलं. "ती हो म्हणाली त देते."

बाबूनं तिच्या पायाकडे पाहिलं आणि चपापला. "अहो, मले त नुसती सर्दी आहे."

"मंग कायले पाहिजे?" तिनं विचारलं.