दार लावलं की वाजणारा भोंगा

चोर पकडायचं यंत्र स्वतःच्या हातानं बसवून चोराचीच सोय करून ठेवणारा माणूस उभ्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो लातुरात माझ्या आईच्या भिंतीपलीकडे राहतो. सरकी-पेंडीचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून या काकांनी गल्लीतल्या सगळ्या दुरुस्त्या अंगावर घेतल्या आहेत. कपाळाला विभूती, खिशात टेस्टर, आणि कुणी बोलावण्याआधीच हजर. त्यांनी दुरुस्त केलेला पंखा उलटा फिरतो, त्यांनी बसवलेली घंटी शेजारच्या घरात वाजते. पण कुणी तक्रार करत नाही. कारण मेकॅनिक काम संपलं की निघून जातो, आणि काका चहा घेत घरातल्या दुखण्याखुपण्याची चौकशी करत बसतात.

आई एकटी राहायची आणि मी नोकरीमुळे नांदेडला. पलीकडच्या गल्लीत घरफोडी झाली तेव्हा मी फोनवर म्हणालो, "आई, एक तर चोराचा अलार्म बसव, नाहीतर कायमची इकडे ये." आईला घर सोडायचं नव्हतं. तिनं हे काकांना सांगितलं आणि खलास. काकांनी बाजारातली सगळी दुकानं पालथी घातली. मोबाईलवर फोटो पाठवणारे, अंधारात हालचाल ओळखणारे अलार्म त्यांनी एका झटक्यात नाकारले. त्यांची कसोटी एकच होती. दुकानदाराला भोंगा वाजवायला लावायचा आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. "म्हशीनं मान वर केली पायजे," ते म्हणायचे, "न्हाई तर माणसं काय उठतील?" शेवटी ज्याच्या आवाजानं एक म्हैस रवंथ सोडून चालू लागली, तो भोंगा घेऊन ते घरी आले.

यंत्राचा एक तुकडा दाराला, दुसरा चौकटीला. दार उघडून दोन्ही लांब गेले की भोंगा वाजणार, असा सरळ हिशेब. काकांनी माहितीचा कागद न वाचताच तारा जोडल्या, आणि झालं भलतंच. दार उघडलं की भोंगा गप्प, लावलं की बोंबाबोंब. दुसऱ्या कुणी तारा बदलल्या असत्या, काकांनी विचार बदलला. "अक्का," ते आईला म्हणाले, "तुमचं दार दिवसा कधी बंद असतंय का? उघडं हाय म्हणजे सगळं ठीक. बंद दिसलं तरच काळजी." मग त्याला त्यांनी पाण्याच्या मोटारीचा टायमर जोडला. रात्रभर भोंगा झोपलेला, सकाळी सातला जागा. मी कपाळाला हात लावला. चोरानं रात्री यावं, निवांत घर धुऊन न्यावं, फक्त जाताना दार उघडं ठेवावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती.

आई पहाटेच सडा टाकायला दार उघडते, त्यामुळे भोंग्याला कधी कामच पडलं नाही. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मात्र तो वाजला. आई न्हाणीत पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि तिची हाक दारापर्यंत पोचत नव्हती. एरवी दोन पायऱ्या चढताना गुडघ्यांना शिव्या घालणारे काका गच्चीची भिंत ओलांडून आमच्या जिन्यानं खाली उतरले. त्या थंडीत ओल्या फरशीवर दुपारपर्यंत पडून राहिल्या असत्या तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. माझी आई आज आहे, ती त्या उलट्या तारांमुळे. मी दवाखान्यात काकांचे पाय धरले तर ते संकोचून म्हणाले, "माझं काय त्यात? दार बंद होतं, बस."

ऑपरेशननंतर मी आईला नांदेडला आणलं, आता कायमचंच असं मनाशी ठरवून. ती काठी घेऊन चालू लागल्यावर काका बसनं तिला न्यायला आले. मी नाही म्हणालो. आईची पिशवी मात्र भरून तयार होती. काका म्हणाले, "भोंगा रोज सकाळी वाजायलाय, बाबा. दार बंद हाय ना. मी जाऊन गप करतो, पर तार तोडायला हात होईना." मी आईची पिशवी उचलून दारापाशी ठेवली. आईला एकटं सोडायची मला भीती वाटत होती, पण ती एकटी नव्हतीच.

निघताना मी म्हणालो, "काका, आमच्या फ्लॅटलाही असाच एक बसवून द्या."

त्यांनी आमचं दार पाहिलं, मग मजल्यावरची बाकीची बंद दारं पाहिली. आईची पिशवी खांद्यावर घेत ते हळूच म्हणाले, "हितं नको, बाबा. हितं दिवसभर वाजतच राहील."