फुकटसर

बटाटे निवडणारी यंत्रं बनवणाऱ्या त्या कारखान्यात प्रोग्रॅमवाल्यांच्या खोलीचे प्रमुख म्हणजे फुकटसर. हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. पूर्वी प्रोग्रॅमने कॉम्प्युटरची मेमरी घेतली की ती आठवणीने परत करावी लागे. कोणीतरी विसरे आणि पट्टा चालता चालता बंद पडे. सरांनी सगळीकडे स्मार्ट पॉइंटर, म्हणजे घेतलेल्या मेमरीची मालकी सांभाळणारे रखवालदार, बसवले. आता काम संपलं की त्यांच्यातला डिस्ट्रक्टर नावाचा झाडूवाला आपोआप आवरासावर करी. काम चोख होतं, त्यात वाद नाही. पण चोख कामावर सरांचं समाधान कुठलं व्हायला! "आणि वेग? तसूभर कमी होत नाही. जादा आवराआवर कंपायलर प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवतानाच पुसून टाकतो. फुकट!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

एका बैठकीत त्यांच्याच हाताखालची चष्मेवाली उभी राहिली.

"सर, सगळीच नाही पुसता येत. वस्तू दुसऱ्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या दुसऱ्या तुकड्याला, देऊन टाकली, तरी परत आल्यावर आपला हात रिकामा आहे का, हे तपासलं जातंच. ते फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये असलं, तर त्याने वस्तू खरंच घेतली का, हे कंपायलरला कळणार कसं? हजारदा फिरणाऱ्या आतल्या चक्रात साधा पॉइंटर, म्हणजे वस्तूचा नुसता पत्ता, देऊ या, मालकी बाहेर ठेवू."

सर घोटभर पाणी प्यायले. "तुम्ही घरीसुद्धा रिकामं भांडं दोनदा घासता वाटतं?"

खोलीतले बाराही जण खो खो हसले. त्या दिवसापासून ती खोलीत आली की कोणीतरी कपावर चमचा वाजवी, आणि सर मिशीतल्या मिशीत हसत. सहा महिन्यांनी तिने राजीनामा दिला, तेव्हा निरोपाची भेट म्हणून त्यांनी तिला स्टीलचं पातेलं दिलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि "थँक्यू, सर" म्हणाली.

वर्षभराने मालकांनी पट्ट्याचा वेग दुप्पट केला आणि प्रोग्रॅम मागे पडू लागला. सडके बटाटे बिनदिक्कत पुढे जाऊ लागले, सडके बाजूला उडवणाऱ्या हवेच्या फटक्याने चांगलेच उडू लागले. आठ दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर खुर्ची सोडा, असं मालकांनी बजावलं. सरांनी दार लावून कंपायलरने बनवलेल्या यंत्रसूचना ओळ न् ओळ वाचल्या. फंक्शनला दिलेल्या प्रत्येक हाकेनंतर तीच तपासणी. हात रिकामा आहे का? आहे. एकेका बटाट्यामागे हजारो वेळा. तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

त्यांनी तिचाच उपाय केला आणि वर आपलं नाव घातलं. पट्टा सुरळीत चालू लागला, मालकांनी पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका कंपनीतून फोन आला. "तुमच्याकडे पूर्वी असलेल्या बाईंनी अर्ज केलाय. आमचं काम अतिवेगाचं आहे. कंपायलर कुठे कमी पडतो, हे त्यांना कळतं का?" शेवटच्या साहेबांचा नंबर द्यावाच लागतो, म्हणून तिने तो दिला होता.

"कळतं" एवढा एक शब्द पुरला असता. पण ती या धंद्यात राहिली, तर उपाय कोणाचा हे आज ना उद्या बाहेर येणार होतं.

"माणूस म्हणून चांगल्या आहेत हो," सर म्हणाले, "पण वेग हा काही त्यांचा प्रांत नाही."

संध्याकाळी तिचा मेसेज आला. "सर, तिथे नाही जमलं. वर्षभर घरीच आहे. माझं नक्की कुठे चुकतं, असं आई विचारते, मला सांगताच येत नाही. तुम्ही वेळ काढून बोललात, आभारी आहे. आणखी एका ठिकाणी अर्ज केलाय, तुमचाच नंबर दिलाय. चालेल ना?"

सरांनी लगेच उत्तर पाठवलं, "अवश्य."